जाताना जवळ, येताना लांब

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंग नावाचा जो विषय असतो, त्याने आपल्या सगळ्यांना एक गोष्ट पक्की शिकवली. कुठलीही वस्तू तीन बाजूंनी बघायची. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. तिन्ही शीटवर आले की वस्तू 'कळली'! मिनी ड्राफ्टर, टोक केलेली पेन्सिल आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलभर चालणारं 'जीटी' हा त्यातला प्रॅक्टिकल भाग. असो.

गंमत अशी, की शीटवर आपण वस्तू जशी काढतो तशी ती जगात कुणालाच कधी दिसत नाही. ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शनमध्ये सगळे किरण एकमेकांना समांतर धरलेले असतात. म्हणजे बघणारा अनंत अंतरावर उभा! तुमचे-माझे डोळे मात्र जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर. त्यांना टॉप व्ह्यू मिळत नाही, साइड व्ह्यू मिळाला तर अर्धामुर्धा. डोळ्याच्या पडद्यावर उमटतं ते एक चपटं, उलटं चित्र. त्याला लांबी आहे, रुंदी आहे, खोली नाही. तरीही आपण मेसचा जिना धडाधड उतरतो, चहाच्या कपाला न चाचपता हात घालतो आणि हवेत उडालेला चेंडू (कधी कधी) झेलतो.

'फक्त फ्रंट व्ह्यूवरून वस्तू ओळखा' असा प्रश्न पेपरात आला तर आपण 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणून बोंब मारू, कारण एका चपट्या चित्राला शेकडो वस्तू बसू शकतात. मेंदू मात्र हाच प्रश्न सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत सोडवत असतो, आणि त्याबद्दल एक मार्कही मागत नाही. तो हे कसं करतो, याचं मला पहिल्यापासून कुतूहल. त्यावर मिळेल ते वाचत गेले. वाचलेलं पडताळायला एक जागा हवी होती, तर मला जी सुचली ती म्हणजे महाडचं चवदार तळं. हीच का, ते पुढे येईलच.

महाड गावाच्या अगदी मध्यात हे तळं. भोवती घरं, दुकानं, रिक्षा, नेहमीची वर्दळ. आणि मधेच एकदम मोकळी जागा. पाण्याचा सपाट पृष्ठभाग, बांधलेला काठ, पायऱ्या, बाबासाहेबांचा पुतळा. नजरेचे प्रयोग करायला याहून चांगली लॅब शोधून सापडणार नाही. पाणी म्हणजे निसर्गाने दिलेलं हॉरिझॉन्टल प्लेन! लेव्हलिंग करायला नको, डम्पी लेव्हल लावायला नको.

आधी आकाराचं बघू. काठावर उभं राहून समोर पाहिलं तर आपल्याकडची कड लांब, पलीकडची आखूड आणि बाजूच्या दोन्ही कडा आत झुकत गेलेल्या. पडद्यावरचं चित्र साधारण समलंब चौकोनाचं. पण कुणालाही विचारा, तळं कसं आहे? तो म्हणेल, चौकोनी. समलंब कुणीच म्हणणार नाही. चित्र बदललं तरी वस्तूचा आकार आपण कायम धरून ठेवतो. मानसशास्त्रात याला आकाराचं स्थैर्य म्हणतात.

मात्र हे स्थैर्य पूर्ण नसतं. रॉबर्ट थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली एक छान गोष्ट मांडली. गोल चकती तिरकी ठेवून लोकांना 'जशी दिसते तशी' दाखवायला सांगितलं, तर लोकांनी दाखवलेला आकार पडद्यावरच्या चपट्या लंबगोलापेक्षा जास्त गोल निघतो, आणि खऱ्या गोलापेक्षा कमी. डोळा एक सांगतो, माहिती दुसरं सांगते आणि आपण मधेच कुठेतरी तडजोड करतो. मेसमध्ये करून बघा. समोरच्याच्या ताटाची कड, जशी दिसते तशी, टिश्यू पेपरवर काढा. मग एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीने खरी उंची-रुंदी मापा. ताट तुम्ही काढलंय त्याहून बरंच चपटं निघेल. (भाजी त्यात असताना हा प्रयोग करू नये. गार होते.)

अंतराचीही अशीच तडजोड चालते. आपल्यापासून दूर जाणारी लांबी आपल्याला आखूड वाटते, आडवी पसरलेली तेवढीच लांबी जास्त वाटते. तळ्याच्या एका काठावर उभं राहून दूर जाणारी बाजू बघायची. मग कोपरा ओलांडून तिच्यासमोर जायचं. मघाची ती आखूड बाजू आता आडवी येते आणि हां हां म्हणता लांब होते. तळं तेच, पाणी तेच. आपण फक्त चार पावलं चाललो.

मग खरं अंतर कळतं तरी कसं? पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं : दोन डोळे. दोघांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्यांच्या फरकातून खोली मिळते. चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने (हो, व्हीटस्टन ब्रिजवालाच!) १८३८ साली स्टिरिओस्कोपवरचा निबंध वाचून हे सिद्ध केलं. पण आपण इंजिनिअर, आकडा घालून बघू. दोन डोळ्यांत अंतर साधारण ६.३ सेंटिमीटर. एक मीटरवरच्या वस्तूकडे बघताना दोन नजरांमधला कोन होतो सुमारे ३.६ अंश. तीच वस्तू ५० मीटरवर नेली की कोन उरतो ०.०७ अंश. म्हणजे सुईत दोरा ओवायला दोन डोळे हवेतच, पण तळ्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस किती दूर आहे हे सांगायला त्यांची मदत फारच थोडी.

तिथे कामाला येते ती जमीन. दुसऱ्या महायुद्धात जेम्स गिब्सन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विमानदलासाठी वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करत होता. त्याच्या लक्षात आलं, की आपण अंतर मोकळ्या हवेतून मोजतच नाही. आपण ते जमिनीवरून मोजतो. पायाखालचे दगड मोठे आणि सुटे, पुढचे लहान, त्यापुढचे बारीक, अगदी पुढे नुसता रंग. हा पोत जसजसा बारीक होत जातो तसतसा मेंदू अंतर चढवत जातो. १९५० सालच्या त्याच्या पुस्तकाने हा विचार सगळीकडे नेला.

जमिनीकडून आणखी एक गोष्ट मिळते, ती आपल्या त्रिकोणमितीची. क्षितिजाच्या किती खाली बघावं लागतं त्यावरून अंतर. सूत्र सोपं आहे : अंतर म्हणजे डोळ्यांची उंची भागिले त्या कोनाचा टॅन. डोळे दीड मीटरवर धरले तर १० मीटरवरच्या वस्तूच्या पायाकडे बघायला नजर साधारण साडेआठ अंश खाली न्यावी लागते. २० मीटरला ४.३ अंश, ४० मीटरला २.१, ८० मीटरला १.१. पहिल्या दहा मीटरच्या फरकाला चार अंशांहून जास्त, शेवटच्या चाळीस मीटरला एक अंश! लांबची अंतरं एकमेकांत का मिसळतात ते इथे कळतं. २००१ साली 'नेचर'मध्ये एका संशोधक गटाने लोकांच्या डोळ्यांवर प्रिझम लावून हा कोन वाढवला, तेव्हा लोकांना वस्तू जवळ वाटू लागल्या. म्हणजे आपल्या डोक्यात न शिकवता टॅन थीटा बसवलेला आहे. तरी एमवनला केटी लागते ती लागतेच!

मला या सूत्राचा अनुभव सूत्र शिकण्याच्या फार आधी आला. आमच्या घरचे दरवर्षी २० मार्चला महाडला जातात. मी चारेक वर्षांची असेन. गर्दी म्हणजे काय, नुसते पाय! निळे झेंडे वर कुठेतरी, पुस्तकांचे स्टॉल बाजूला, 'जय भीम'चे आवाज आणि माझ्यासमोर फक्त पँटी, साड्या आणि चपला. तळं कुठाय म्हणून मी रडायच्या बेताला आले तेव्हा पप्पांनी उचलून खांद्यावर घेतलं. आणि पाणी उघडलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. एक हिरवट पट्टी असेल-नसेल तिथे अख्खं तळं पसरलं. आज मला माहीत आहे की डोळ्यांची उंची वाढली, त्यामुळे प्रत्येक बिंदूचा कोन वाढला आणि एकमेकांवर चढलेली अंतरं सुटी झाली. पप्पांना टॅन थीटा माहीत नाही. पण पोरीला दिसायचं असेल तर तिची उंची वाढवावी लागते, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

त्याही पलीकडे, डोंगरांच्या अंतरावर, जमीनही पुरत नाही. तिथे हवा काम करते. महाड-पोलादपूरकडच्या माणसाला हे सांगायला नको. मार्चमध्ये शेतात राब भाजतात, डोंगरावर वणवे असतात, हवेत धूर आणि धूळ. सह्याद्रीची भिंत तेव्हा फिकट, निळसर आणि कुठेतरी लांब. जूनमध्ये दोन सरी पडून हवा धुतली गेली की तीच भिंत हात लावावा इतकी जवळ येते. डोंगर काही हलत नाही. थोडक्यात, हाताच्या अंतरावर दोन डोळे, तळ्याच्या अंतरावर जमीन आणि डोंगराच्या अंतरावर हवा, अशी कामाची वाटणी आहे.

आता तळ्याकडे परत येऊ, कारण इथेच खरी अडचण आहे. अंतर जमिनीवरून मोजायचं म्हटलं, तर जमीन सलग हवी. मधेच ती तुटली तर?

आधी सलग जमिनीचा प्रयोग सांगते. आमच्या ग्रुपने तो ग्राउंडवर केला. दहा मीटरवर एक बाटली ठेवायची, नीट बघायचं, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि आठवणीने चालत जाऊन 'पोचलो' असं वाटेल तिथे थांबायचं. बहुतेक जण एक-दीड पावलाच्या आत थांबले. एकाने तर बाटली लाथेने उडवली. वीसेक मीटरपर्यंत माणसं हे बऱ्यापैकी अचूक करतात, असं अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे नजरेला जे अंतर 'दिसतं' ते पायांना बरोबर समजतं. दोघांचा हिशेब जमलेला आहे.

पण १९९८ साली सिनाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्येच दाखवलं, की बघणारा आणि वस्तू यांच्यामध्ये जमिनीत खड्डा असेल, तर हा हिशेब बिघडतो. खड्ड्यापलीकडची वस्तू लोकांना असते त्यापेक्षा लांब वाटते. मोजपट्टी तीच, पण मधली जमीन हरवली की मेंदूची दोरी तुटते आणि तो अंदाज वाढवून सांगतो.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण अंतर असूनही लांब, नसूनही लांब, ही गोष्ट मी घरात ऐकत आले होते. ती ऑप्टिक्सची गोष्ट नव्हती.

बाबासाहेबांनी महाडच्या सत्याग्रहाची हकिगत इंग्रजीत लिहून ठेवली आहे. त्यात तळ्याचं वर्णन एखाद्या सर्व्हेअरने करावं तसं आहे. पावसाच्या आणि काही झऱ्यांच्या पाण्याचं मोठं तळं. बाजूंना बांध. बांधाभोवती खाजगी मालकीच्या जमिनीच्या पट्ट्या. त्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडे स्पृश्यांची घरं. आजूबाजूच्या खेड्यांतले अस्पृश्य बाजारहाटासाठी, गावकीच्या कामासाठी, कचेरीत कागद पोचवायला आणि सरकारी वसूल भरायला महाडला येत. तहान लागली तर गावाच्या मधोमध हे तळं. पण त्यांना मोकळी होती ती फक्त त्यांच्या वस्तीतली विहीर, आणि ती गावाच्या मध्यापासून लांब.

दोन रेषा काढा. बाजारात उभ्या असलेल्या तहानलेल्या माणसापासून तळ्यापर्यंत एक, विहिरीपर्यंत दुसरी. पहिली आखूड, दुसरी लांब. डोळ्यांचा हिशेब एवढाच सांगतो. पण त्या माणसासाठी पहिली रेषा अनंत होती. ड्रॉइंगमध्ये अनंत अंतर कुठे येतं ते आपल्याला माहीत आहे : बघणारा तिथे उभा आहे असं धरलं म्हणजे वस्तू नेमकी दिसते, पण हात लावायचा प्रश्नच येत नाही.

माझी आजी पोलादपूर तालुक्यातली. गावाचं नाव नको. सत्याग्रहानंतर बऱ्याच वर्षांनी तिचा जन्म, आणि ती हंडा उचलण्याएवढी झाली तेव्हा तर घटनाही लागू झालेली होती. पण त्या गावात पाणवठा वेगळा तो वेगळाच. मी एकदा वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आजी, विहीर किती लांब होती गं घरापासून?" मला मीटर हवे होते, निदान पावलं तरी. ती म्हणाली, "जाताना जवळ व्हती पोरी, येताना लांब."

मी म्हटलं, "असं कसं? वाट एकच ना?"

"वाट एकच. डोक्यावर हंडा, वर कळशी. मधी गावची विहीर लागायची, ती तर दारातच. तिच्याकडं बगायचं न्हाय, सरळ पुढं जायाचं. मंग आपली वाट अजून लांब व्हायची."

तिने चुंबळ कशी वळायची ते पदराने करून दाखवलं आणि विषय बदलला.

आता इंजिनिअरिंगची मुलगी म्हणून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हा आला : ओझ्याने अंतर खरंच वेगळं 'दिसतं' का? यावर प्रयोग झालेले आहेत. १९९९ साली अमेरिकेत भल्ला आणि प्रॉफिट यांनी विद्यार्थ्यांच्या पाठीवर जड सॅक देऊन टेकडीचा चढ विचारला. ओझं असलेल्यांनी चढ जास्त सांगितला. शरीर किती दमणार आहे याचा हिशेब नजरेत मिसळतो, असा त्यांचा निष्कर्ष. वाचून मला वाटलं, आजी जिंकली! पण दहा वर्षांनी, २००९ साली, ड्यूर्गिन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला. काही जणांना सांगितलं की सॅकमध्ये स्नायूंची हालचाल मोजायचं यंत्र आहे, म्हणून ती जड आहे. सॅकला असं दुसरं कारण मिळाल्यावर चढ जास्त दिसेनासा झाला. म्हणजे आधीच्या प्रयोगात बऱ्याच मुलांनी 'यांना काय उत्तर हवंय' हे ओळखून उत्तर दिलं असावं. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण ओझ्याने डोळ्यांचं चित्रच बदलतं असं ठामपणे म्हणता येत नाही.

मग आजीचं काय? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, आजी तिला काय दिसतं ते सांगतच नव्हती. मी तिला अंतर विचारलं आणि तिने तिच्या युनिटमध्ये ते सांगितलं. मीटर हे एक युनिट झालं. रिकामा हंडा हे दुसरं, भरलेला हंडा हे तिसरं. आणि मधे लागणारी, न बघता ओलांडायची विहीर हे चौथं. त्या विहिरीपाशी तिची जमीन तुटत होती. डोळ्यांसमोर खड्डा नव्हता, वाट सलग होती. तो खड्डा माणसांनी खणलेला होता आणि त्याचं माप कुठल्याच टेपवर नव्हतं.

चवदार तळ्याभोवतीचा खड्डा कागदावर तर आधीच बुजला होता. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदाच्या शीटवर अंतर शून्य! प्रत्यक्षात तीन वर्षांत कुणीही ते पाऊल टाकू शकलं नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अडीच हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. २० तारखेला परिषदेचा मांडव सोडून सगळे रांगेने, शिस्तीने गावातून तळ्याकडे निघाले. बाबासाहेब काठावर गेले, ओंजळीने पाणी प्याले. मग बाकीचे प्याले. मांडवापासून तळ्यापर्यंतचं अंतर चालायला फार वेळ लागला नसेल. पण पायांनी मोजलेलं ते अंतर पहिल्यांदा डोळ्यांना दिसणाऱ्या अंतराइतकं झालं. आमच्या ग्राउंडवरच्या बाटलीसारखा हिशेब जुळला.

तो लगेच मोडायचाही प्रयत्न झाला. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या आधी तळ्यावर जाण्याला कोर्टाची मनाई आली. पाण्याची पातळी, काठ, पायऱ्या जिथल्या तिथे होत्या. बदलत होतं ते फक्त अंतर.

हे अंतर माणसाच्या डोळ्यांत जन्मतः असतं का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सुदैवाने त्याच्या आसपास चांगलं काम झालेलं आहे.

१९६० साली एलिनॉर गिब्सन (वरच्या जेम्स गिब्सनची बायको) आणि रिचर्ड वॉक यांनी एक टेबल बनवलं. अर्ध्या भागात काचेला लागून खाली चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड काचेच्या खूप खाली. वरून बघणाऱ्याला पुढे दरी. रांगती बाळं यावर ठेवली. पलीकडून आई बोलावते तरी बहुतेक बाळं दरीच्या काचेवर गेली नाहीत. म्हणजे खोली एवढ्या लहानपणी दिसते. पुढे १९७० मध्ये कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी अजून न रांगणारी, अगदी लहान बाळं त्या दरीवर पालथी ठेवली. त्यांचे हृदयाचे ठोके भीतीने वाढतात तसे वाढले नाहीत, उलट कमी झाले. एखादी मजेची वस्तू बघताना होतात तसे. दरी आधी दिसते, भीती नंतर येते.

दुसरं काम आपल्या देशातलं आहे. एमआयटीतले प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया होते आणि त्यांची नजर कशी घडते हे अभ्यासलं जातं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की नुकतीच दृष्टी मिळालेल्या मुलांना हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण काही दिवसांतच ते जमू लागतं. २०१५ साली त्यांनी अशाच मुलांना रेल्वेच्या रुळांसारख्या जवळ येणाऱ्या दोन रेषा आणि त्यांवर दोन सारख्या पट्ट्या दाखवल्या. तुम्हाला-मला वरची पट्टी मोठी वाटते. या मुलांनाही लगेच तशीच वाटली. लांब जाणाऱ्या रेषा त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या नव्हत्या, तरी!

म्हणजे काही गोष्टी आपण घेऊनच येतो, काही हात-पाय हलवून शिकतो. पण समोरच्या माणसाचा हात पाण्याला लागला तर पाणी बाटतं, हे अंतर डोळ्यांच्या पडद्यावर येत नाही. पोतात नाही, कोनात नाही, दोन डोळ्यांच्या फरकात नाही, हवेच्या धुरकटपणात नाही. ते बाहेरून आणून घालावं लागतं. कुणीतरी बाळाला हळूच मागे ओढून सांगावं लागतं, तिकडे नको. एकदा शिकलं की मात्र ते इतकं सवयीचं होतं की 'दिसतं' असंच वाटायला लागतं.

आता कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. झालीच आहे. पण गेल्या काही वर्षांत मला एक गोष्ट अनेक ठिकाणी दिसली. कुणाशी नवी ओळख होते. गप्पा रंगतात, सिनेमा, क्रिकेट, सीईटीचे मार्क. मग प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?" नाव सांगितल्यावर समोरच्याची खुर्ची इंचभरही मागे सरकत नाही. टेप लावला तर अंतर तेवढंच. तरी दोघांनाही कळतं की काहीतरी लांब गेलं. त्या माणसाला कदाचित तो शिकवलेला खड्डा आहे हेही माहीत नसेल. त्याला ते फक्त 'दिसत' असेल. म्हणून मी चिडत नाही. शिकवलेली गोष्ट असेल तर ती विसरताही येते, एवढीच माझी आशा आहे.

विसरायला वेळ किती लागतो? तळ्याचा दावा कोर्टात चालला. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे, असं वादींचं म्हणणं. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला : अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. २० मार्च १९२७ पासून मोजलं तर दहा वर्षांना तीन दिवस कमी. मांडवापासून पाण्यापर्यंतचं जे अंतर माणसं एका दुपारी चालून गेली, तेच कागदावर यायला एवढा काळ लागला.

कधी मुंबई-गोवा हायवेने गेलात तर महाडला उतरा. २० मार्चला गेलात तर गर्दीत जा, एरवी गेलात तर निवांत बसा. एक डोळा मिटून तळं कसं दिसतं ते बघा. कोपरा ओलांडून बाजू कशी लांबते ते बघा. पलीकडच्या पायरीवर बसलेल्या माणसाचं अंतर मनात ठरवा आणि मग तळ्याला वळसा घालून त्याच्यापर्यंत चालत जा. अंदाज चुकला की बरोबर, ते पावलांनी कळेल. पोचलात की त्याच्या शेजारी बसा. नाव विचारायची घाई नको.